घाटोळे काकाजींचे ऐकणारे

घाटोळे काकाजींना कोणी हौसेनं सांगितलं, "काकाजी, तुमचं गाणं ऐकलं बरं का," तर ते आधी विचारायचे, "पूर्ण?"

समोरचा इथेच अडकायचा. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार असायचा, "मंग शेवटी काय हाये, सांग." नाही म्हणावं तर काकाजी रागावत नसत. खिशातला चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत आणि परत खिशात ठेवत. हा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर मी फारसा कधी पाहिला नाही. बहुधा अशा प्रसंगी पुसायलाच तो घेतलेला असावा.

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या हाडांच्या हॉस्पिटलात ते एक्स-रे काढायचे. मी वर नोंदणीच्या काउंटरवर, ते खाली तळघरात. उंच, किरकोळ अंगाचे, केस मेंदीनं तांबूस झालेले आणि अंगावर तो जाडजूड शिशाचा एप्रन. दिवसभर त्यांचा आवाज जिन्यातून वर यायचा. "श्वास घ्या माय. धरा. हालू नका. सोडा." आवाज इतका मऊ की दुखण्यानं कळवळणारी माणसंही मुकाट्यानं स्थिर व्हायची.

बोलणं मोर्शीकडचं, अस्सल. 'पहा'ला ते 'पाय' म्हणायचे आणि हाडांच्या हॉस्पिटलात त्याचे घोटाळे व्हायचे. पुण्याहून नवीन आलेल्या एका डॉक्टरांपुढे त्यांनी मनगटाची फिल्म धरली आणि म्हणाले, "हे पाय ना जी डॉक्टर."

डॉक्टर म्हणाले, "हा तर हात आहे."

"हाव जी, हातच हाये. पाय ना."

डॉक्टरांनी पाकिटावरचं पेशंटचं नाव दोनदा वाचून पाहिलं. शेवटी मीच मधे पडले.

तरुणपणी काकाजी लग्नांतल्या बेंजो पार्टीत होते. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारांचं लहानसं वाद्य. डाव्या हातानं कळा दाबायच्या, उजव्यानं तारा छेडायच्या. नोकरी लागली, लग्न झालं आणि बेंजो माळ्यावर गेला. पुढे पल्लवी, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला गेली. मानेवाड्यातलं घर एकदम शांत झालं, तेव्हा काकाजींनी तो खाली उतरवला. दुसऱ्यांची गाणी वाजवून कंटाळा आला होता म्हणून स्वतःचीच करायला लागले. प्लास्टरच्या आत सुटणाऱ्या खाजेवर त्यांचं एक गाणं होतं. व्हिडिओ कॉलवर तोंड उघडं असतानाच अडकून पडलेल्या लेकीवर एक होतं. पल्लवीनं ती गाणी फोनवरच्या एका गाण्यांच्या ॲपवर चढवून दिली. दर महिन्याला एक नवं गाणं आलंच पाहिजे, पगारासारखं, असा त्यांचा नियम. सुरुवातीला ऐकणारे तीनच: पल्लवी, कुसुमकाकू आणि ते स्वतः. त्यातही काकू पूर्ण ऐकत नाहीत असा त्यांना संशय होता.

त्यांचं खरं चाललं ते 'ऊन उतरू दे' हे गाणं. त्यांची थोरली बहीण भर उन्हाची माहेरी यायची आणि घरी म्हैस वाट पाहते म्हणून तासाभरात निघायची. तिला थांबवायला काकाजी लहानपणी तिची चप्पल लपवून ठेवायचे. त्याचं हे गाणं.

बस ना वं बाई, घडीभर बस,
ऊन उतरू दे, मंग जाजो.

याचं रेकॉर्डिंग त्यांनी मे महिन्यात केलं. आवाज येऊ नये म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद आणि डोक्यावर गोधडी. काकूंना दुसऱ्या खोलीत ओला टॉवेल देऊन बसवलं होतं आणि हूं की चूं करायचं नाही असं बजावलं होतं. काकूंनी बराच दम धरला. पण शेवटची तार अजून घुमत होती तेवढ्यात त्या दारातून म्हणाल्या, "झालं काय जी? कूलर लावू?"

ते वाक्य गाण्यात आलं. काकाजींना ते कापता येईना आणि पल्लवीनं कापलं नाही. गाणं तसंच वर गेलं आणि लोकांना ते वाक्यच सगळ्यात जास्त आवडलं. काकाजींना हे बरेच दिवस पचलं नाही.

"पाय वैशाली," ते मला म्हणाले, "मी इतका जीव तोडून गाऊन राहिलो, अन् लोकाईले तिचा कूलर आवडते."

गाणं थोडं चालायला लागल्यावर जाहिरातवाल्यांचे फोन सुरू झाले. एकदा जेवणाच्या सुट्टीत फोन आला आणि काकाजींनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलत होता. सर, तुमचं गाणं आम्ही हजारो लोकांपर्यंत नेतो, तुम्ही फक्त पॅकेज घ्या.

काकाजींनी डब्याचं झाकण लावलं. "बाळा, मी बेंजो पार्टीत होतो. एका लग्नात नवरदेवाकडून नाचणारेच नव्हते, म्हणून आमच्या मालकानं भाड्यानं पोट्टे आणले. गजब नाचले. पण पंगतीत नवरदेवाचा बाप एकेकाले विचारून राहिला, तुम्ही कोनाकडचे जी? त्या पोट्ट्याईचं तोंड मी पाह्यलं हाये. मले तसे ऐकणारे नाही पाहिजे."

"सर, पण रीच वाढते ना..."

"ते राहू दे. तू गाणं ऐकलं काय?"

फोन कट झाला. काकाजींनी परत डबा उघडला.

त्यांची स्वतःची रीत सोपी होती आणि भयंकर संथ होती. आमच्याकडे यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतचे पेशंट यायचे. मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसाला अंथरुणात पडून राहण्याशिवाय इलाज नसतो, हे काकाजींइतकं कोणाला ठाऊक असणार. पण म्हणून ते कोणालाही गाणं ऐकवत सुटत नसत. आधी बसून गप्पा मारायचे. गाव कोणतं, घरी कोण, कसे पडले. मग त्या माणसाला कोणतं गाणं द्यायचं ते डॉक्टरसारखं ठरवायचे. प्लास्टरवाल्याला खाजेचं. लेक लांब असलेल्याला अडकलेल्या व्हिडिओचं. माहेरची आठवण काढणाऱ्या बाईला 'ऊन उतरू दे'. आयतं पाठवायचं मात्र नाही. समोरच्यानं स्वतःच्या हातानं शोधायचं. "आयतं भेटलं का माणूस विसरते," असं त्यांचं म्हणणं. म्हातारी माणसं फोनवर एकेक अक्षर लावत बसायची आणि घाटोळेमधला 'ळ' सापडेपर्यंत चहा गार व्हायचा.

माणूस घरी गेला की काही दिवसांनी काकाजींचा त्याला आवाजी निरोप जायचा. गाणं आवडलं का, हे ते कधी विचारत नसत. विचारायचे, "ऐकलं तव्हा कुठं होते?" याची उत्तरं त्यांना तोंडपाठ असायची आणि काउंटरवर येऊन ती मला ऐकवल्याशिवाय त्यांना करमत नसे. राळेगावचे बुवा विहिरीवरची मोटार सुरू करून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसतात आणि ऐकतात. दारव्ह्याच्या मास्तरीणबाई पोळ्या करताना ऐकतात आणि त्यांच्या शेवटच्या पोळीला काकाजींचं शेवटचं कडवं येतं. ॲपवर कोणत्या गावी किती जण ऐकतात ते दिसायचं. आमच्या हॉस्पिटलात ज्या गावाचा माणूस येऊन गेला, ते गाव काही दिवसांनी तिथं उगवायचंच.

मधे ते एका ग्रुपमध्येही शिरले होते. तिथं सगळे नवे गाणारे. तू माझं ऐक, मी तुझं ऐकतो, असा व्यवहार. बाकीचे गाणं लावून फोन पालथा टाकत असावेत. काकाजी मात्र प्रत्येकाचं गाणं शेवटपर्यंत ऐकायचे आणि खाली अभिप्राय लिहायचे. 'दुसऱ्या कडव्यात सूर उतरला, पुन्हा गाऊन पाहा.' 'ढोलकी चांगली, शब्द कोणाचे?' काही दिवसांत त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. हे त्यांना बराच काळ कळलंही नाही. ते मला विचारत होते, "सगळे एकदम चूप काहून झाले असतील?"

मग तक्रार झाली. सदरमधल्या एका मोठ्या दुकानाचे मालक खांदा दाखवायला आले होते. गाणं ऐका असा आग्रह काकाजींनी केला नव्हता. मालकांनीच गाण्याचं सहज विचारलं होतं. पण ऐकायला लागल्यावर त्यांना मधेच फोन आला, ते उठले आणि काकाजी म्हणाले, "एकच कडवं राह्यलं जी." मालकांनी ते मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं.

मोठ्या डॉक्टरांनी काकाजींना बोलावलं आणि हॉस्पिटलच्या आत गाण्याचं नावही काढायचं नाही असं सांगितलं. काकाजी "हाव सर" म्हणून आले. त्यानंतर जिन्यातून फक्त श्वास घ्या आणि सोडा एवढंच ऐकू यायचं. पण दुपारी ते गेटबाहेर कडुलिंबाखाली चहाला उभे राहायचे आणि तिथं कुबड्या घेतलेली चार-पाच माणसं आधीच येऊन थांबलेली असायची. मोठ्या डॉक्टरांची गाडी गेटातून निघाली की सगळे गप्प होऊन चहा प्यायचे. एकदा गाडीची काच खाली झाली. डॉक्टर म्हणाले, "घाटोळे, ते कूलरवालं कोणतं? माझी बायको विचारते." काकाजींनी नाव सांगितलं आणि गाडी गेल्यावर आम्हाला म्हणाले, "पाह्यलं? तिथंही कूलरच."

हे सगळं असं मजेत चाललं असतं. पण एका सोमवारी काकाजी संत्रा बर्फीचा खोका घेऊन आले.

"वैशाली, तोंड उघड," ते म्हणाले. "रातून गाणं फुटलं."

खरंच फुटलं होतं. इतक्या दिवसांत जेवढे ऐकणारे जमले नव्हते त्याच्या कितीतरी पट शनिवार-रविवारात आले होते. काकाजी वॉर्डबॉयपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांना बर्फी वाटत फिरले. मोठ्या डॉक्टरांनीही तुकडा घेतला. गावांच्या जागी आता परदेशातल्या शहरांची नावं होती. काकाजी एकेक नाव अडखळत वाचायचे आणि विचारायचे, "तिथं आपलं कोण हाये?" मग स्वतःच उत्तर द्यायचे की नागपूरची पोरं आता कुठं कुठं नोकरीला गेली आहेत, त्यांनाच घरची आठवण आली असणार. त्यांच्यासाठी त्यांनी गाण्याखाली एक लांबलचक धन्यवादही लिहिला. कोणाचंच उत्तर आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ते काउंटरपाशी येऊन नुसतेच उभे राहिले.

"काय झालं काकाजी?"

"इतके लोक ऐकून राहिले," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् एकानंही कूलरचं नाही विचारलं."

लग्नात भाड्यानं आणलेले ते नाचणारे मलाही आठवले.

त्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या एका बाईंनी सांगितलं, "काकाजी, तुमचं गाणं दिसून नाही राहिलं." मी माझ्या फोनवर शोधलं. बाकीची गाणी होती, 'ऊन उतरू दे' नव्हतं. काकाजींनी पल्लवीला फोन लावला. ऐकण्याचे आकडे खोटे आहेत असं म्हणून ॲपवाल्यांनी गाणं काढून टाकलं होतं. पल्लवी रडत होती. पैसे भरून ते आकडे आणवले होते तिच्या नवऱ्यानं, प्रशांतरावांनी. सासऱ्यांच्या वाढदिवसाला गुपचूप भेट म्हणून.

दुसरा कोणी असता तर काकाजी दोन शब्द बोलले असते. पण हा जावई. जावयाला बोलायचं तरी काय आणि कोणत्या तोंडानं, याच विचारात ते दिवसभर तळघरात बसून होते. एका पेशंटला "श्वास धरा" म्हणाले आणि सोडा म्हणायचं विसरले. तो बिचारा लालबुंद होऊन वर आला.

पुढचं मला कुसुमकाकूंनी सांगितलं. पल्लवी आणि प्रशांतराव त्याच रविवारी पुण्याहून आले. प्रशांतराव खाली मान घालून बसले होते. कोथिंबिरीची सांबारवडी झाली, श्रीखंड झालं, जावयाला आग्रह करकरून वाढून झालं, पण गाण्याचा विषय काही निघेना. जेवणानंतर काकाजींनी बेंजो काढला, तार जुळवली आणि अगदी अदबीनं विचारलं, "प्रशांतराव, एक विचारतो, खरं सांगजा. गाणं पूर्ण ऐकलं काय जी कधी?"

प्रशांतरावांनी मान हलवली. ऐकलं नव्हतं. वेळच मिळाला नव्हता.

"मंग बसा," काकाजी म्हणाले.

आणि त्यांनी ते सगळं वाजवलं, गायलं, एक कडवंही न गाळता. पल्लवी दाराशी उभी होती. काकू सांगतात, प्रशांतराव पहिल्यांदा अवघडून बसले होते, मग मांडी घातली, मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली. गाणं संपलं. काकू स्वयंपाकघरात बडीशेप काढत होत्या, त्यांना वाटलं आता विचारायला हरकत नाही. म्हणाल्या, "झालं काय जी? कूलर लावू?"

काकाजींनी कपाळाला हात लावला. प्रशांतराव हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी वाकून सासऱ्यांचे पाय धरले. काकाजी त्यांना उठवत म्हणत होते, "राहू द्या जी, राहू द्या. तुम्ही प्रेमानंच केलं." आणि मग, राहवलं नाही म्हणून, "पण आता कोनाले तरी सांगा, ऐकलं म्हणून."

गाणं परत चढवलं तेव्हा ते शून्यावर होतं. यावेळी काकाजींनी हट्टानं काकूंचं वाक्य कापायला लावलं. त्यांना वाटलं, नवी सुरुवात आहे तर स्वच्छ करावी. पण ऐकणाऱ्यांचे फोन आधीच सुरू झाले होते. गाणं कुठं गेलं, म्हणून राळेगावच्या बुवांनी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला आणि मला फैलावर घेतलं, जणू मीच ते कपाटात ठेवलं होतं. दारव्ह्याच्या मास्तरीणबाईंचा फोन आला. गडचिरोलीकडच्या एका भावानं विचारलं की काकाजींची तब्येत तर बरी आहे ना. काकाजींनी एकालाही आपणहून कळवलं नव्हतं. माणसं शोधत आली. आणि नवं गाणं सापडल्यावर त्यांचे पुन्हा फोन आले, की माय कुठं गेली? तिला काहून काढलं?

काकाजींनी दोन दिवस दम धरला. मग काकूंचं वाक्य परत बसवलं.

ज्या बाईंनी गाणं दिसत नाही म्हणून पहिल्यांदा सांगितलं होतं, त्या आर्वीच्या. तिथल्या वाचनालयात त्यांनी काकाजींचा कार्यक्रम ठरवला. माझं माहेर आर्वीचंच. मी तोवर धंतोलीची नोकरी सोडून नवऱ्याच्या बदलीमुळे अमरावतीला गेले होते, तरी त्या दिवशी मुद्दाम गेले. सतरंजीवर पन्नासेक माणसं असतील. काही आमचेच जुने पेशंट, आता बिनकुबडीचे. काकाजींनी घरून इस्त्री करून आणलेला सदरा घातला होता आणि प्रत्येक गाण्याआधी ते इतकं बोलत होते की मागून कोणीतरी म्हणालं, "काकाजी, आता वाजवा." 'ऊन उतरू दे' संपलं तेव्हा सगळे काकूंकडे वळून पाहायला लागले. काकू पदरात तोंड लपवून बसल्या होत्या. शेवटी आग्रहाखातर त्यांनी बसल्या जागेवरून ते वाक्य म्हटलं आणि टाळ्या गाण्यापेक्षा जास्त पडल्या. काकाजी उठून म्हणाले, "पुढच्या वेळी इलेच बोलवा." पण चेहऱ्यावरचा आनंद मात्र लपत नव्हता.

दुपारी मी त्या दोघांना बसस्टँडवर सोडायला गेले. ऊन रणरणत होतं. शेडमध्ये आमच्या शेजारच्या बाकावर एक तरुण बाई लहान मुलाला घेऊन बसली होती. कार्यक्रमाला आलेल्यांपैकी ती नव्हती, सोबत बाजाराच्या पिशव्या होत्या. मूल किरकिर करत होतं, उन्हात पळायला बघत होतं. तिनं त्याला मांडीवर दाबून धरलं आणि थोपटत, आपल्याशीच गुणगुणावं तसं म्हणायला लागली,

बस ना गा बापू, घडीभर बस,
ऊन उतरू दे, मंग जाऊ.

मी काकाजींकडे पाहिलं. ते सरळ बसले होते, अगदी हलत नव्हते. मी तिला सांगायला उठणार, की अहो, हे पाहा, हे गाणं यांचं आहे, तेवढ्यात काकाजींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे वं."

"पण काकाजी, तिला माहीत तरी..."

"झोपून राह्यलं ना लेकरू. राहू दे."

तिनं ते पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. चाल मधे जराशी घसरत होती. काकाजींची बोटं मांडीवरच्या बेंजोच्या पिशवीवर कळा दाबल्यासारखी हलत होती. नागपूरची बस लागली तेव्हा ते उठले आणि त्या बाकाजवळून जाताना पायाचा आवाज होऊ नये म्हणून कडेकडेनं गेले. काकू पुढे, ते मागे.

खिडकीशी काकाजी बसले होते. बस सुरू होत होती तेव्हा मी खालून हात वर केला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. आधी 'जाजो', मग 'जाऊ', मग पुन्हा 'जाऊ', असं ते चालीवर बसवून पाहत होते. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून मला हात केला आणि बस वळली.